एकबेरीज : एक्सेलच्या दोनशे वर्षं आधी

मंडळी, या शनिवारी कोड नाही, इतिहास. विषय मात्र आपल्या रोजच्या हमालीचाच : एक्सेलच्या शीट्स आणि तुंबलेला इनबॉक्स.

आपल्याला वाटतं ही दुखणी कॉम्प्युटरबरोबर आली. व्हिसिकॅल्क १९७९ साली आलं, एक्सेल १९८५ साली, म्हणजे हा सगळा प्रकार चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा. पण आलेला कागद कुठे नोंदवायचा, कुठे ठेवायचा आणि त्यातून बेरीज कशी काढायची, याची शिस्त पुण्यात पेशवाईतच बसलेली होती. ती मोडल्यावर काय होतं, हेही पुण्यानेच पाहिलं.

सुरुवात एका गावापासून करू. मुळशी तालुक्यातलं मुठा घ्या. नदीचं आणि गावाचं नाव एकच. हा भाग मुठे खोऱ्याचा, म्हणजे बारा मावळांतला. अशा गावांचा हिशेब कुलकर्णी ठेवायचा : कोणाची जमीन किती, सारा किती, वसूल किती, बाकी किती. त्याच्या वर देशपांडे, त्याच्या वर कमाविसदार किंवा मामलतदार, आणि सगळ्यात वर पुण्याचं हुजूर दफ्तर. थोडक्यात काय, प्रत्येक गावाची एक शीट आणि सगळ्यांचं मर्जिंग पुण्यात!

आता खरी गंमत. हुजूर दफ्तराचे ढोबळ दोन भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर म्हणजे सध्या हलत असलेली कामं. त्यातला मुख्य भाग फड, तो फडणिसाच्या हाताखाली. हुकूम, सनदा, जमाखर्च सगळं तिथून जायचं आणि रोजच्या रोज रोजकीर्दीत चढायचं. रोजकीर्द तारखेच्या क्रमाने. त्यात विषयवारी नाही, सजावट नाही. जे घडलं ते त्या दिवसाखाली लिहायचं.

मग हे कागद एकबेरजेकडे. तिथे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र यायचे. एकाच बाबीच्या विखुरलेल्या नोंदी एका नावाखाली आणायच्या, ती खतावणी. आणि त्यावरून वर्षाचा जमा, खर्च, शिल्लक असा गोषवारा काढायचा, तो तर्जुमा. आता तुम्हीच सांगा, रॉ डेटा, मग सॉर्ट, मग पिव्हॉट टेबल यापेक्षा हे वेगळं काय आहे? 'एकबेरीज' हे नावच बघा ना. सगळ्याची मिळून एक बेरीज!

हे काम सुमारे दोनशे कारकून करत. नाना फडणविसांच्या काळात दफ्तर अत्यंत व्यवस्थित होतं. नाना १८०० साली गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराकडे दुर्लक्ष झालं, कारकुनांची आस्थापना जवळजवळ मोडीत निघाली, लोक कागद उचलून नेऊ लागले तरी अडवायला कोणी नाही. पेशवाई बुडाल्यावर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेव्हा मॅक्लिओड नावाच्या अधिकाऱ्याने ही अवस्था लिहून ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, चार कागद गहाळ झाले तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला भक्कम अधिकार मिळाले. इनाम कोणाचं, कोणी दिलं, कधी दिलं, वंशपरंपरेचं की हयातीपुरतं, हे इनामदाराने सिद्ध करायचं. पडताळा जुन्या दफ्तराशी. घरातली सनद खरी असेल हो, पण दफ्तरात नोंद सापडते का? हजारो इनामं गेली. १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत या कमिशनचं नाव येतं ते उगाच नाही. जी नोंद एकेकाळी कोणा कारकुनाने रोजच्या सवयीने केली असेल किंवा कंटाळून सोडली असेल, तिच्यावर एका घराची पुढची भाकरी ठरत होती.

उरलेलं पेशवे दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. कागद रुमालात बांधलेले, बहुतेक मोडीत. असे हजारो रुमाल. रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून निवडक कागद काढून ४५ खंड छापले. सहाय्यकांची फौज बसवून एकेक रुमाल सोडावा लागला. रुमाल म्हणजे ईमेलचा फोल्डरच. त्याची अडचणही तीच : एक कागद एकाच रुमालात राहतो. मुठा गावच्या इनामाबद्दलचं पत्र गावाच्या रुमालात बांधायचं की इनामाच्या? २००४ साली जीमेलने फोल्डरऐवजी लेबलं आणली ती याच दुखण्यावर. पण एकबेरजेच्या लोकांकडे त्याच्याही आधी उत्तर होतं. कागद कुठेही असो, नोंद मात्र तारखेखालीही सापडते आणि नावाखालीही.

ही रीत आजही जिवंत आहे. कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये संपली, गावाचं दप्तर तलाठ्याकडे गेलं, पण गाव नमुने बघा. नमुना ६ म्हणजे फेरफार, क्रमाने होत जाणाऱ्या नोंदी. नमुना ७ म्हणजे तेच गट नंबरप्रमाणे. नमुना ८अ म्हणजे तेच खातेदाराप्रमाणे. माहिती एकच, मांडणी तीन. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, पण मुठा गावच्या शेतकऱ्याला तो फेरफार नोंदवलेला असेल तरच कामाचा. वारसनोंद राहिली असेल तर सर्व्हर कितीही वेगवान असून उपयोग काय?

सोमवारी ऑफिसात करून बघण्यासारख्या तीन गोष्टी या दफ्तरातून घेता येतात. एक, रोजकीर्द वेगळी ठेवा : एका घटनेला एक ओळ, तारीख पहिल्या कॉलमात, मधे टोटल नाही आणि मर्ज केलेले सेल तर नाहीतच. दोन, तर्जुमा वेगळ्या शीटवर आणि तो फॉर्म्युल्याने काढलेला. हाताने आकडा दाबून बसवायचा नाही. तीन, इनबॉक्स हा फड समजा. चालतं काम तेवढंच तिथे. संपलं की रुमालात.

आणि मॅनेजर लोकांसाठी चौथी, जरा नाजूक. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड नोंदी ठेवणाऱ्यांवर पडते, कारण त्यांचं काम झालेलं दिसत नाही. बाजीरावाच्या कारकिर्दीतही तसंच झालं. त्याचं बिल इनामदारांकडे पोचायला पन्नास वर्षं लागली, एवढंच. असो. पुढच्या शनिवारी भेटूच.