चित्रातले बटण

आयव्हन सदरलंड यांचा ‘स्केचपॅड’ १९६३ सालचा. एमआयटीच्या टीएक्स-२ संगणकावर, लाइट पेन पडद्याला लावून त्यात रेषा काढता येत आणि हलवता येत. मात्र ‘काढ’, ‘हलव’, ‘पूस’ हे हुकूम द्यायला शेजारच्या खोक्यावरची खरी बटणे दाबावी लागत. पुढे बटणेच चित्रात आली आणि ती सांभाळण्याचे काम प्रोग्रामरकडे आले. हा अभ्यासक्रम त्याच कामाचा.

केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘प्रोसेसिंग’ घ्या किंवा ब्राउझरमधला कॅनव्हास. दोघांचा स्वभाव एकच. आयत काढायला सांगितला की तेवढे पिक्सेल रंगतात आणि तिथे आयत होता ही गोष्ट कॅनव्हासच्या लेखी संपते. आपले बटण म्हणजे भिंतीवर रंगवलेले दार. त्याला उघडायला लावणारे सगळे काही आपल्याच कोडमध्ये असावे लागते.

लाइट पेनला इथे एक सोय होती. पडद्यावरचा ठिपका उजळताच पेनला तो दिसे आणि त्या क्षणी कोणता ठिपका काढला जात होता हे संगणकाला ठाऊकच असे. माऊसकडून मिळतात ते फक्त दोन आकडे. ते कोणाच्या हद्दीत पडले, हे आपण गणिताने ठरवायचे: आयत असेल तर चार तुलना, वर्तुळ असेल तर केंद्रापासूनचे अंतर. आकृत्या एकमेकींवर आल्या असतील तर जी शेवटी काढली ती वर दिसते, म्हणून विचारणा मात्र तिच्यापासून, उलट क्रमाने करायची. सीएसएसने कॅनव्हास ताणला असेल तर आधी आकड्यांचे माप बदलून घ्यावे लागते, नाहीतर बोट एका जागी आणि बटण दुसऱ्या जागी.

एवढे एका दुपारीत जमते. खरा विषय पुढे आहे, आणि तो जागेचा नसून काळाचा आहे. नवा प्रोग्रामर प्रत्येक फ्रेमला एकच प्रश्न विचारतो: माऊस दाबलेला आहे का आणि तो आयतात आहे का? असे लिहिलेला स्लायडर सावकाश ओढला तर चालतो. हात जरा जोरात गेला की कर्सर पट्टीबाहेर निसटतो आणि स्लायडर मध्येच थांबतो. माऊस दाबून धरून कर्सर बटणांवरून फिरवला, तर वाटेतले प्रत्येक बटण दाबले जाते. उपाय असा की दाब कुठे सुरू झाला हे लक्षात ठेवायचे. ज्याच्यावर दाब सुरू झाला, त्याचीच सोडेपर्यंत मालकी. मग स्लायडर कर्सर कुठेही गेला तरी त्याच्यामागे सरकतो, फक्त किंमत दोन टोकांच्या आत रोखायची. बटणाचे काम दाबताना नव्हे, सोडताना करायचे, आणि तेही कर्सर अजून त्याच बटणावर असेल तरच. चुकून दाबणाऱ्याला बोट बाजूला नेऊन माघार घेता आली पाहिजे. स्लायडरची गोटी जिथे पकडली तिथपासून तिच्या मध्यापर्यंतचे अंतरही जपून ठेवावे. ते विसरले तर पकडताक्षणी गोटी हिसका देते. वापरणाऱ्याला कारण कळत नाही, पण हाताला ते खटकते.

ही स्मृती कोणी सांभाळायची, यावर दोन घराणी आहेत. एकात प्रत्येक बटण ही स्वतःची स्थिती बाळगणारी वस्तू असते. दुसऱ्यात, ज्याची मांडणी केसी मुराटोरी यांनी २००५ मध्ये केली आणि जे ओमार कॉर्नू यांच्या ‘डिअर आयएमगुई’ने सर्वदूर नेले, प्रत्येक फ्रेमला बटण नव्याने सांगितले जाते, कोणावर कर्सर आहे आणि कोण धरलेले आहे, एवढेच मागे उरते. माझ्या मते विद्यार्थ्याने आधी दुसरी वाट धरावी. त्यात लपायला जागा नसते.

तयार लायब्ररी आहेतच, तरी पहिला स्लायडर स्वतःच्या हाताने लिहावा, असा माझा आग्रह आहे. मात्र ब्राउझरसाठी काम करताना आधी स्वतःला विचारावे की कॅनव्हासवर बटण रंगवण्याची गरज खरोखर आहे का. ‘पी५’ या ब्राउझरसाठीच्या लायब्ररीतला तयार स्लायडरसुद्धा कॅनव्हासवर काढला जात नाही. तो एचटीएमएलचाच घटक असतो. त्यामुळे तो कीबोर्डनेही सरकतो आणि अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला सापडतो. रंगवलेला स्लायडर त्याला सापडत नाही. रंगवायचाच असेल, तर कॅनव्हासच्या टॅगच्या आत तसाच खरा घटक ठेवून दोघांची किंमत जुळती राखावी लागते. ते काम या अभ्यासक्रमाबाहेरचे समजू नये.