गाठ अंडाशयात, मूळ जठरात: गर्भारपणातील एका फसव्या कर्करोगाच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना

यंत्रभाग न फोडता त्यातील दोष कसे शोधायचे, हे शिकवताना मी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला लावतो. दोष कुठे आहे? आणि तो तिथेच निर्माण झाला का? वैद्यकाच्या इतिहासात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

१. क्रुकेनबर्गची गाठ

१८९६ मध्ये फ्रीडरिख क्रुकेनबर्ग या तरुण जर्मन डॉक्टरने अंडाशयाच्या एका वेगळ्या गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यातील पेशी चिकट द्रवाने फुगलेल्या असत आणि केंद्रक एका कडेला ढकललेले असे, त्यामुळे पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसे. ही गाठ अंडाशयातच उगवते, असे त्याला वाटले. निरीक्षण चांगले होते, निष्कर्ष चुकला. १९०२ मध्ये ऑस्ट्रियाचे विकृतिशास्त्रज्ञ श्लागेनहाउफर यांनी दाखवले की अशा गाठींचे मूळ अन्नमार्गात असते. हे मूळ बहुतेक वेळा जठरात सापडते. म्हणजे अंडाशयातली गाठ हा पसरलेला रोग असतो आणि ती कापून काढली तरी मूळ रोग शिल्लक राहतो.

२. गर्भारपणात निदान का लांबते?

मळमळ, उलट्या, भूक मंदावणे, छातीत जळजळ, रक्त कमी होणे ही जठराच्या कर्करोगाची लक्षणे आहेत आणि गर्भारपणातही हीच दिसतात. "दिवस गेलेत, असे होणारच," असे घरचे म्हणतात. वाढत्या गर्भाशयामागे अंडाशयाची गाठ हाताला लागत नाही. कधी या गाठीच्या भोवतालच्या पेशी पुरुषी संप्रेरके तयार करतात. मग आईच्या चेहऱ्यावर लव वाढते, आवाज घोगरा होतो आणि पोटातील मुलीच्या बाह्य जननेंद्रियांवरही परिणाम होऊ शकतो. चौथा-पाचवा महिना उलटल्यावरही उलट्या थांबत नसतील, वजन घटत असेल किंवा शौच काळे होत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये.

३. गर्भाला धक्का न लावता आत कसे पाहायचे?

रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढे बेरियम पाजून जठराची चित्रे घेता येऊ लागली. पण १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी आणि मुलांमधील कर्करोग यांचा संबंध पुढे आणला. दुसरी वाट हवी होती, आणि ती अभियंत्यांच्या मदतीने मिळाली.

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये काढून टाकलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि धातूतील भेगा शोधणाऱ्या ध्वनितरंग यंत्राखाली तपासल्या. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात एका स्त्रीची हकीकत आहे. तिला जठराचा कर्करोग असून तो शस्त्रक्रियेपलीकडे गेल्याचे निदान झाले होते. ध्वनितरंगांनी पाहिले तेव्हा तिच्या पोटात अंडाशयाची द्रवाने भरलेली मोठी गाठ निघाली. ती काढली आणि बाई वाचली. क्रुकेनबर्गची चूक इथे उलट दिशेने झाली होती. अंडाशयाच्या गाठीचा दोष जठरावर आला होता.

जठर आतून पाहण्याची सोयही याच दशकात झाली. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले. त्यावरून बेसिल हर्शोविट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये लवचीक दुर्बीण तयार केली. आज गरज असेल तर गर्भवतीच्या जठरातूनही दुर्बिणीने तुकडा घेता येतो. त्यात अंगठीसारख्या पेशी आढळल्या, तर अंडाशयातील गाठीचे मूळ कळते.

सारांश

सोनोग्राफी गाठ कुठे आहे ते सांगते. ती कुठून आली, हे जठरातला तुकडा तपासल्यावर कळते. एका उत्तरावर थांबले तर आईचे उपचार चुकीच्या जागी होतात आणि हातचे आठवडे जातात. निदान वेळेवर झाले, तर उपचार केव्हा सुरू करायचे आणि प्रसूती केव्हा करायची, हे आई आणि डॉक्टर मिळून ठरवू शकतात.

विचारासाठी प्रश्न

१. क्रुकेनबर्गचे निरीक्षण बरोबर असूनही निष्कर्ष का चुकला?
२. धातूतील भेग आणि पोटातील गाठ शोधण्यामागचे समान तत्त्व कोणते?