नोंदवहीत नाव चढतं, उतरतं कधी?

आजचा विषय आहे पोलिसांकडची माहिती. आपल्याबद्दल काय नोंदलं जातं, त्याचा उपयोग किती होतो आणि ती नोंद पुसली कधी जाते, याचा दीडशे वर्षांचा हिशेब आज मांडायचाय. नागपूरकरांनो, जरा जास्त लक्ष द्या. या गोष्टीचा सध्याचा मुक्काम आपल्याच गावात आहे.

आधी ताजी गोष्ट. ऑगस्ट २०२५. नागपूर-जबलपूर महामार्गावर, देवलापार परिसरात, ट्रकच्या धडकेत एका बाईचा जीव गेला. मदतीला कोणी थांबेना, म्हणून नवऱ्यानं मृतदेह दुचाकीला बांधून नेला. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. ट्रकबद्दल त्याला एवढंच सांगता आलं की त्यावर लाल खुणा होत्या. नंबर माहीत नाही, कंपनी माहीत नाही. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण एआयकडून तपासून घेतलं आणि साधारण ३६ तासांत सुमारे ७०० किलोमीटरवर तो ट्रक गाठला. हे काम झालं 'मार्व्हल'च्या मदतीनं. मार्व्हल म्हणजे राज्य सरकारनं २०२४ मध्ये पोलिसांसाठी काढलेली एआय कंपनी, आयआयएम नागपूरच्या साथीनं उभी राहिलेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये घोषणा झाली की नागपुरातल्या २३ ठाण्यांत चाललेलं 'महाक्राइमओएस' आता राज्यातल्या १,१०० ठाण्यांत जाणार.

फायदा खरा आहे, मला तो नाकारायचा नाही. पण पोलिसी नोंदींचा जुना इतिहास पाहिला की फायद्याच्या शेजारी दुसरा एक रकाना दिसतो. तो बहुतेक वेळा कोराच राहिलाय.

चला १८७१ मध्ये. त्या वर्षी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. पद्धत सोपी होती. एखादी अख्खी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची, माणसांची नावं रजिस्टरात चढवायची, हजेरी लावायची. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं तर पास हवा. १९११ च्या कायद्यानं हे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता आलं, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातही. शिवाय नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकार मिळाला. ठशांचं तंत्र तेव्हा अगदी नवं होतं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला होता आणि वर्गीकरणाचं अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं होतं. म्हणजे त्या काळाच्या मानानं हे अद्ययावत तंत्रज्ञानच! फक्त त्यात जी माहिती भरली जात होती, तिचा पायाच खोटा होता: गुन्हा जन्मानं ठरतो, हा.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला. जमाती 'विमुक्त' झाल्या. पण नोंद ठेवायची सवय गेली नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी कायदा आला. नागपूर तेव्हा त्याच राज्यात होतं. त्यातही रजिस्टर होतंच. फरक एवढा की आता कागदावर जमातीऐवजी व्यक्ती होती. कागदावर. विदर्भातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा, चोरी झाली की गाडी आधी कुठे येते ते.

२६/११ नंतर नोंदवही संगणकात शिरली. जून २००९ मध्ये केंद्रानं सीसीटीएनएस मंजूर केलं. देशातली पोलीस ठाणी एकमेकांना जोडायची, खर्च २,००० कोटी, मुदत मार्च २०१२. मुदत वाढत गेली. महाराष्ट्रात ते २०१५ मध्ये सुरू झालं. आता यशाचे आकडे बघा: किती ठाणी जोडली, किती एफआयआर ऑनलाइन झाल्या. हे काम किती झालं त्याचं माप झालं. लाभ मोजायचा तर प्रश्न वेगळे लागतात. आधी तपासाला किती दिवस लागायचे, आता किती लागतात? चुकीची नोंद किती दिवसांत दुरुस्त होते? आणि हा हिशेब द्यायला नेमका कोणता अधिकारी बांधील आहे? लग्नाचा खर्च लिहून ठेवणं वेगळं आणि संसार कसा चाललाय ते पाहणं वेगळं, तसंच हे.

न्यायालयानं हे ओळखलंय. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका प्रकरणात हिस्टरी शीटचा प्रश्न थेट सगळ्या राज्यांसमोर ठेवला. मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावं यांत्रिकपणे त्यात चढू नयेत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं या शीट वेळोवेळी तपासाव्यात, असा त्याचा रोख होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकानाच काढायला सांगितला. शंभर वर्षांच्या सवयीवर एका ओळीचा आदेश!

दुसरीकडे २०२२ चा ओळख कायदा म्हणतो की ठसे, बुबुळं वगैरे मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतील. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि सगळे कायदेशीर मार्ग संपले, तर ती नष्ट करायची, अशी तरतूदही त्यात आहे. छान. पण मूळ नोंद पुसली आणि तिच्या चार नकला चार यंत्रणांत उरल्या तर? कागदाच्या काळात जुनं रजिस्टर वाळवी तरी खायची. सर्व्हरला वाळवी लागत नाही.

म्हणून मला वाटतं, १,१०० ठाण्यांत नवी प्रणाली जाताना तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवाव्यात. कोणती माहिती कुठून आली. ती कोणी, कधी उघडली. आणि ती कधी, कोणाच्या सहीनं पुसायची. कारण एआय शिकतं ते जुन्या नोंदींवरून. आजोबांचं नाव जमातीमुळे चढलं, वडिलांचं संशयामुळे. त्याच नोंदी शिकवल्या, तर यंत्र नातवाकडे बोट दाखवेल आणि आपण त्याला निष्पक्ष म्हणू.

देवलापारच्या त्या माणसाला ३६ तासांत उत्तर मिळालं. बेड्यावरच्या पोरानं 'माझं नाव यात का आहे?' असं विचारलं, तर त्याला किती तासांत मिळेल? हा आकडा ज्या दिवशी जाहीर होईल, त्या दिवशी त्यावर आपण एक वेगळा भाग करू. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग एखाद्या पोलीस मित्रालाही पाठवा.