‘आयुष्मान’ : एका संबोधनाचा इतिहास

लग्नपत्रिका असो, जयंतीचे पत्रक असो, की पुण्यानुमोदनाची सूचना; महाराष्ट्रातील बौद्ध समाजात नावाआधी ‘आयु.’ लिहिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर ‘श्री’च्या जागी हा शब्द रुळत गेला. ‘श्री’ म्हणजे लक्ष्मी, म्हणून ती टाकली, असे कारण सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. या शब्दाच्या पाठीमागे मोठा झगडा आहे आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असला पाहिजे.

हा शब्द बौद्धांनी घडवलेला नाही. आपले नाव सांगून वडीलधाऱ्याला वंदन करायचे आणि त्याने ‘आयुष्मान हो’ असा आशीर्वाद द्यायचा, ही जुनी वैदिक रीत. पाणिनीने या आशीर्वादासाठी व्याकरणाचा स्वतंत्र नियम केला (८.२.८३). वाक्याचा शेवटचा स्वर लांबवून, म्हणजे प्लुत करून उच्चारावा. मात्र समोरचा शूद्र असेल तर नाही. कात्यायनाने या अपवादात स्त्रियांचीही भर घातली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाच्या वंदनाला ‘आयुष्मान’ या शब्दाने उत्तर द्यावे असे सांगितले आहे. आणि त्याच अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक ठेवावे अशी आज्ञा आहे. व्यवस्था किती बारकाईने काम करीत होती पाहा! जमीन, विद्या, पाणी तर नाकारलेच. आशीर्वादातला एक लांबलेला स्वरही नाकारला.

बुद्धाच्या संघाने हाच शब्द उचलला. पालीत त्याचे रूप ‘आयस्मा’. महापरिनिब्बान सुत्तात त्याच्या वापराची शिस्त सांगितली आहे. थोरल्या भिक्खूने धाकट्याला नावाने, गोत्राने किंवा ‘आवुसो’ म्हणून हाक मारावी. धाकट्याने थोरल्याला ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे. थोर-धाकटे येथेही आहेत. पण मोजमाप उपसंपदेच्या वर्षांचे आहे, जन्माचे नाही.

याचा अर्थ काय झाला, ते उपालीच्या कथेत दिसते. उपाली शाक्य कुमारांचा न्हावी. चुल्लवग्गात असे आले आहे की, आमचा कुलाभिमान मोडावा म्हणून उपालीला आधी प्रव्रज्या द्या, अशी विनंती त्या कुमारांनीच बुद्धाला केली. बुद्धाने ती मान्य केली आणि कालपर्यंत ज्याने त्यांची सेवा केली त्याला ते वंदन करू लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न महाकस्सपांनी विचारले आणि उत्तरे उपालींनी दिली. परंपरेनुसार महाकस्सप ब्राह्मण कुळातले. तो प्रसंग लिहिणारा एकाच वाक्यात दोघांच्याही नावाआधी ‘आयस्मा’ लिहितो. पाणिनीने जो भेद व्याकरणात बसवला, तो या एका वाक्यात उरत नाही.

म्हणून ‘आयुष्मान’ लिहिणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. गावात ज्या बापाला उभ्या आयुष्यात कोणी पूर्ण नावाने हाक मारली नाही, त्याचे नाव मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘आयुष्मान’ या शब्दासह छापले जाते, तेव्हा एक जुना हिशेब चुकता होत असतो. कोणी ‘आयुष्यमान’ छापतो, कोणी ‘आयुनी.’ म्हणतो. शुद्ध रूपे आयुष्मान आणि आयुष्मती हीच, ती शिकवावीत. पण अशुद्ध लिहिणाऱ्याला हसू नये. शुद्धतेच्या नावाने आपल्याला कोणी आणि किती काळ हसले, हे आपण विसरलेलो नाही.

खरी चिंता वेगळी आहे. आपल्याच पत्रकांत आज पुढाऱ्याला ‘मा.’, अधिकाऱ्याला ‘साहेब’ आणि सतरंज्या घालणाऱ्या कार्यकर्त्याला तेवढे ‘आयु.’ असा क्रम दिसू लागला आहे. महिला मंडळाच्या भगिनींची तर नावेही नसतात. ‘व इतर’ यात त्या संपतात. कात्यायनाला तरी याहून वेगळे काय हवे होते? हे संबोधन सर्वांना सारखे मिळाले तरच त्याला अर्थ आहे. पुढचे पत्रक छापायला देण्यापूर्वी नावांची यादी एकदा या दृष्टीने वाचावी, आणि सुरुवात सतरंजी घालणाऱ्याच्या नावापासून करावी. उपालीलाही आधी बसवले होते.