टिंबाचा एक झाला

कॉलेजात असताना मी एका सामन्याच्या वहीत न झालेली एक धाव लिहिली. सामना त्या एका धावेवर ठरला. गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती कळायला स्कोअर ठेवणं म्हणजे काय आणि ते कुठून आलं, हे आधी माहीत असायला हवं.

सुरुवात लाकडापासून होते. इंग्लंडच्या खेड्यांत क्रिकेट खेळलं जायचं तेव्हा खेळणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. मैदानाच्या कडेला एक माणूस काठी आणि चाकू घेऊन बसायचा. एक धाव झाली की काठीवर एक खाच. मोजायला सोपं जावं म्हणून ठरावीक खाचांनंतर एक खोल खाच. धावांना तेव्हा 'नॉच', म्हणजे खाचाच म्हणत. 'स्कोअर' या शब्दाचा मूळ अर्थही खाच पाडणं असाच आहे. जुन्या इंग्रजीत 'स्कोअर' म्हणजे वीस, कारण मेंढ्या किंवा माल मोजताना विसावर एक मोठी खाच पडायची. आपल्याकडेही कापडवाले विसाला 'कोडी' म्हणायचे. जगात बरेच लोक हातापायाची बोटं संपली की थांबून खूण करत असावेत.

या पद्धतीची एक मोठी उणीव होती. काठीवर संघाची बेरीज राहायची, पण कुणी किती केल्या हे राहायचं नाही. आणि एक मोठा गुण होता. पाडलेली खाच पुसता येत नाही.

मग कागद आला. १८ जून १७४४ रोजी लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर केंट आणि ऑल इंग्लंड यांच्यात सामना झाला. इंग्लंड ४० आणि ७०, केंट ५३ आणि ९ बाद ५८. केंट एका विकेटनं जिंकलं. प्रत्येक फलंदाजाच्या धावा लिहिलेली जी अगदी सुरुवातीची स्कोअरकार्डं आज उपलब्ध आहेत, त्यांत हे एक. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी नावापुढे आकडा लिहायचं कष्ट घेतले, म्हणून तो सामना आज आपल्याला माहीत आहे. त्याच काळात झालेले आणि न लिहिलेले कितीतरी सामने कायमचे गेले.

सुरुवातीच्या त्या कार्डांत एक गंमत आहे. फलंदाज झेलबाद झाला तर झेल घेणाऱ्याचं नाव असायचं, गोलंदाजाचं नाही. त्रिफळा उडवला तरच गोलंदाजाला श्रेय. झेलात गोलंदाजाचंही काही असतं, हे कागदावर यायला एकोणिसावं शतक उजाडलं. तेच वाइड आणि नो-बॉलचं. ते गोलंदाजाच्या खात्यात पडायला लागले १९८० च्या दशकात. ओव्हरसुद्धा सहा चेंडूंची नेहमी नव्हती. इंग्लंडमध्ये १८८९ पर्यंत चार, मग पाच, आणि १९०० पासून सहा. ऑस्ट्रेलियात तर १९७९ पर्यंत बराच काळ आठ. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना डेटा बघून डोक्याला हात लावतो, कारण मधेच कुणीतरी रकान्यांचा अर्थ बदललेला असतो. क्रिकेटच्या आकडेवारीत हे दोनशे वर्षं चाललंय.

आता वही. नेहमीच्या स्कोअरबुकात एक चेंडू तीन ठिकाणी लिहावा लागतो. समजा, फलंदाजानं एक धाव काढली. त्याच्या नावापुढे १. गोलंदाजाच्या त्या ओव्हरच्या चौकोनात १. आणि वरच्या धावत्या बेरजेतला पुढचा आकडा खोडायचा. धाव नसेल तर टिंब. सहाही टिंबं पडली की ती जोडून इंग्रजी 'एम' काढतात, म्हणजे मेडन. वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलला गोल, बायला त्रिकोण, लेगबायला उलटा त्रिकोण. डाव संपला की ताळा घ्यायचा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर यांची बेरीज एकीकडे. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय यांची दुसरीकडे. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. किराणा दुकानदार रात्री गल्ला आणि खतावणी जुळवतो, तेच हे.

ही पद्धत चोख आहे, पण तिच्यात एक गोष्ट हरवते. कुठल्या चेंडूवर कोण कुणाला खेळत होतं, हे वहीवरून चटकन सांगता येत नाही. त्यावर लोकांनी वेगळी वही काढली. प्रत्येक ओव्हर एका ओळीत आणि चेंडू ज्या फलंदाजानं खेळला त्याच्या रकान्यात. या पद्धतीशी बिल फर्ग्युसन या ऑस्ट्रेलियन स्कोअररचं नाव कायमचं जोडलं गेलंय. १९०५ साली तो संघाबरोबर इंग्लंडला गेला, स्कोअरही ठेवायचा आणि सामानही सांभाळायचा. फटका कुठल्या दिशेला गेला याच्या रेघा तो मैदानाच्या चित्रावर काढायचा. टीव्हीवर आज आपण ज्याला वॅगन व्हील म्हणतो ते हेच. पुढे बीबीसीच्या रेडिओ समालोचनात १९६६ पासून २००९ मध्ये मरेपर्यंत बिल फ्रिंडॉल बसला. त्यानं ही वही इतकी घोटवली की तिला त्याचंच नाव पडलं. त्याचा जन्म ३ मार्च १९३९ चा. त्याच दिवशी डर्बनला तो सुप्रसिद्ध बेमुदत कसोटी सामना सुरू झाला होता.

क्रिकेटच्या नियमांत स्कोअररसाठी वेगळा नियम आहे, सध्या तिसरा. स्कोअरर दोन असावेत. त्यांनी आपल्या नोंदी वरचेवर एकमेकांशी ताडून पाहाव्यात. आणि पंचानं केलेल्या प्रत्येक खुणेला लगेच पोच द्यावी. पंच हात हलवतो आणि दूर तंबूतून कुणीतरी हात वर करतं, ते याचसाठी. कंप्युटर नेटवर्क शिकताना 'अ‍ॅकनॉलेजमेंट' हा प्रकार मला एका मिनिटात कळला होता, कारण तो मी मैदानावर पाहिलेला होता.

दोन वह्या असूनही चुका होतातच. जून १८९९ मध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं हाउस मॅचमध्ये नाबाद ६२८ केल्या. खेळ कित्येक दुपारी चालला होता. स्कोअररनं नंतर सांगितलं म्हणतात की, ६२८ म्हणा, वीसेक इकडे किंवा तिकडे. तो आकडा ११६ वर्षं विक्रम म्हणून उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद १००९ करून तो मोडला. कॉलिन्स पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये मारला गेला. त्याच्या नावामागे उरलेली सगळ्यात मोठी गोष्ट 'वीसेक इकडे-तिकडे' आहे.

आणि एक आकडा असा आहे, जो सगळ्यांना अपुरा वाटतो आणि तरी अगदी बरोबर आहे. डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लब मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ ला आटोपलं. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटला ४५५ जोडल्या. निंबाळकर ४४३ वर नाबाद आणि महाराष्ट्र ४ बाद ८२६ असताना खेळ थांबला. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. आणखी दहा धावा हव्या होत्या, दोन-तीन ओव्हरींचं काम. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार झाले नाहीत. सामना त्यांनी सोडून दिला.

त्या दिवशी वही घेऊन बसलेल्या माणसाचा मी बरेचदा विचार करतो. पुढच्या दहा धावा होणार हे मैदानावर प्रत्येकाला माहीत असणार. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. त्या दहा धावा त्यांच्या आयुष्यात केवढ्या मोलाच्या ठरल्या असत्या. पण झाल्या नाहीत, म्हणून लिहिल्या नाहीत. ४४३ म्हणजे ४४३. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी म्हणून ती आजही उभी आहे.

आता माझं. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. मला ना धड बॅटिंग यायची, ना बोलिंग, म्हणून संघात माझं काम वही. वीस ओव्हरचा सामना, आमची पहिली बॅटिंग. पंधराव्या ओव्हरच्या सुमाराला मी फोनमध्ये डोकावलो. मान वर केली तेव्हा आमचे दोघे धावताना दिसले. मी फलंदाजापुढे १ लिहिला, बेरीज खोडली. प्रत्यक्षात चेंडू पॅडला लागला होता आणि आमच्या पठ्ठ्यानं बॅट लावायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. अशी लेगबाय मिळत नाही. पंचानं 'डेड बॉल' दाखवून दोघांना परत पाठवलं. शेजारी पाहुण्या संघाचा फर्स्ट इयरचा मुलगा बसला होता, त्यानं हात वर करून पोचही दिली. मी पाहिलंच नाही. गोलंदाजाचा चौकोन मी त्याच्या वहीत डोकावून भरला. तिथं टिंब होतं.

डाव संपला. त्याचे १३०, माझे १३१. तो म्हणाला, "दादा, ताळा बघू या का?" मी बघितला. माझ्या फलंदाजांकडून १३१, गोलंदाजांकडून १३०. कुठं चुकलं ते मला तिथंच कळलं. आमचा कॅप्टन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, तो म्हणाला, "आपली वही बरोबर आहे ना?" इंग्रजी एकचा आकडा म्हणजे नुसती उभी रेघ. टिंबावर पेन ठेवून खाली ओढलं की झालं. मी ओढलं. ताळा जुळला. "बघ, जुळतंय," मी म्हणालो. त्या मुलानं एकदा वहीकडे आणि एकदा आमच्या कॅप्टनकडे पाहिलं. पंच चहाला गेले होते. त्यानं स्वतःचा आकडा खोडून १३१ केला.

त्यांच्या १३० झाल्या. आम्ही एका धावेनं जिंकलो. सामना खरं तर बरोबरीत सुटला होता.

हल्ली ऑफिसच्या टर्फवर मी अ‍ॅपमध्ये स्कोअर ठेवतो. १९९३ मध्ये क्रिकइन्फो सुरू झालं तेव्हा हौशी लोक कुठून कुठून चेंडू टाइप करायचे. आता ते काम खिशात आलंय. एका टॅपवर फलंदाज, गोलंदाज, बेरीज, सगळं आपोआप भरतं. ताळा कधी चुकतच नाही. आणि मला त्याचीच भीती वाटते. चुकीचं बटण दाबलं तर चूकही सगळीकडे सारखीच भरली जाते आणि हिशोब चोख जुळतो. माझ्या वहीनं निदान एकदा मला पकडलं होतं.

म्हणून मी समोरच्या संघातल्या कुणालातरी शेजारी बसवतो आणि दर ओव्हरला विचारतो, "तुझे किती?" आमच्यातले हसतात, टर्फवर कसला एवढा बारकावा म्हणून. त्याचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा आला की मी खेळ थांबवतो. त्या फर्स्ट इयरच्या मुलाचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. वहीत स्कोअररच्या सहीची जागा होती, त्यानं सही केली होती, पण ती मला वाचता आली नाही.