स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : निवडीचा इतिहास आणि विवेक

इ. स. १४३६ ते १४५८ ह्या काळात बहामनी गादीवर असलेल्या दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने बीदर नगरात एक मोठे रुग्णालय बांधले, असे फेरिश्ता ह्या इतिहासकाराने नमूद केले आहे. औषधे व अन्न ह्यांचा खर्च भागावा म्हणून त्यास गावांचे उत्पन्न लावून दिले होते. आणि रोग्यांच्या सेवेस मुसलमान हकीम व हिंदू वैद्य असे दोघेही नेमले होते. तात्पर्य, रोग्यापुढे उपचाराच्या एकाहून अधिक वाटा असणे ही गोष्ट ह्या भूमीत पाचशे वर्षांहून जुनी आहे. वाटा अनेक झाल्या की निवडीचा प्रश्न उभा राहतो. आणि निवड कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद ह्या तालुक्यांतील एखाद्या मराठी कुटुंबापुढे आज हाच प्रश्न नव्या रूपात येतो. घरातील कोणा माणसाचे वजन आवाक्याबाहेर गेले, मधुमेह जडला, गुडघे उठू देईनात. डॉक्टरांनी जठरावर शस्त्रक्रिया सुचविली. परंतु कोणती?

स्थूलता हा विकार आहे, ही कल्पना पाश्चात्त्य वैद्यकाने प्रथम मांडली असे नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल मनुष्याचे दोष सांगून, अतिकृशापेक्षा अतिस्थूलाची चिकित्सा अधिक कठीण आहे असा निर्वाळा दिलेला आहे. पचावयास जड परंतु पोषणास हलके अन्न द्यावे, हे त्यातील धोरण आजच्या आहारतज्ज्ञासही परके वाटणार नाही. तथापि ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तेथे भरलेले शरीर हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले गेले, ह्यात नवल नाही. आज चित्र पालटले आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे वा स्थूल आढळले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी तर आणखी एक गोष्ट दाखवून दिली. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन ह्यांच्या देहात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१ टक्के! दिसावयास बारीक असलेला भारतीय माणूस आतून मेदस्वी असू शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणूनच शस्त्रक्रियेचे निकष आशियाई लोकांसाठी निराळे ठरवावे लागले.

पोट उघडून आत काही करावयाचे, तर रोग्यास निर्धोक बेशुद्धी देता आली पाहिजे. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे ज्या निजामी राज्यात होते, त्या राज्याच्या राजधानीत ह्या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. डॉ. एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. खर्चाचा भार निजाम महबूब अली खान ह्यांनी उचलला आणि दुसऱ्या आयोगासाठी विलायतेहून डॉ. लॉडर ब्रन्टन आले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने, हृदयावरील आघाताने नव्हे, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९११ साली लेव्ही ह्या संशोधकाने, हलक्या बेशुद्धीतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची गती विस्कटून मृत्यू येऊ शकतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. आयोगाचे काम वाया गेले असे मात्र नाही. श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची शिस्त त्याने लावली. परंतु एका पिढीचा ठाम निर्णय दुसरी पिढी दुरुस्त करते, हा धडा त्यातून मिळाला. स्थूलतेवरील शस्त्रक्रियांचा सारा इतिहास ह्याच धड्याची उजळणी आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ विसाव्या शतकाच्या मध्यास झाला. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन ह्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाटेने नेण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. विचार सरळ होता: अन्न शोषलेच गेले नाही, तर वजन वाढणार कसे? वजन खरोखरच उतरले. पुढील दोन दशकांत हजारो लोकांनी ती करून घेतली. मग एकेक तक्रार पुढे येऊ लागली. न थांबणारे जुलाब, मूत्रपिंडात खडे, सांध्यांची सूज आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होऊन मृत्यू. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ टाकून द्यावी लागली, आणि अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले.

दरम्यान आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन ह्यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. जठरव्रणामुळे ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग कापून काढला होता, त्यांचे वजन वाढता वाढत नव्हते. ह्या निरीक्षणावरून १९६६ साली त्यांनी, डॉ. इटो ह्यांच्यासह, जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून तिला आतडे जोडले. हीच ‘बायपास’ शस्त्रक्रियेची जननी. १९७७ मध्ये ग्रिफेन ह्यांनी तिला लोझानचे सीझर रू ह्यांनी पूर्वीच घालून दिलेली इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी दिली. त्यामुळे पित्त उलट वर येण्याचा त्रास कमी झाला. १९७९ साली इटलीतील जेनोवाचे स्कोपिनारो ह्यांनी अधिक उग्र पद्धत मांडली. तिने वजन सर्वांत जास्त घटते. परंतु प्रथिने व जीवनसत्त्वे ह्यांची उणीवही सर्वांत जास्त भासते.

ह्या उग्रतेची प्रतिक्रिया म्हणून सौम्य उपाय शोधला गेला. १९८६ साली कुझमाक ह्यांनी फुगविता व सैल करता येणारा सिलिकॉनचा पट्टा जठराभोवती बसविला; १९९३ पासून तो दुर्बिणीतून बसविता येऊ लागला. काही कापावयाचे नाही, काही जोडावयाचे नाही, नको झाल्यास पट्टा काढून टाकावयाचा: सामान्य माणसास ह्याहून आकर्षक काय वाटणार? परंतु वर्षे लोटली तसे पट्टे सरकू लागले, काही जठराच्या भिंतीत रुतले, वजन पुन्हा चढले आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची पाळी अनेकांवर आली. आज पट्टा फारच थोड्या ठिकाणी बसविला जातो.

सध्या सर्वांत प्रचलित असलेली ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया तर जवळजवळ अनवधानाने जन्मास आली. एका मोठ्या दुहेरी शस्त्रक्रियेचा तो पहिला टप्पा होता. अतिशय स्थूल रोग्यांस सारे एकदम सोसवणार नाही म्हणून २००० च्या सुमारास गॅग्नर प्रभृतींनी आधी केवळ जठर कापून त्याची बाहीसारखी अरुंद नळी केली. आणि पुष्कळांचे वजन तेवढ्यानेच उतरले. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ह्यात कायमचा जातो. भूक चेतविणारे घ्रेलिन हे द्रव्य १९९९ साली जपानमध्ये सापडले होते. ते मुख्यतः ह्याच काढलेल्या भागात तयार होते. भूक का मंदावते, ह्याचा काही उलगडा त्यामुळे झाला.

१९९५ साली पोरीज ह्यांनी वैद्यकविश्वास चकित करणारा वृत्तांत प्रसिद्ध केला. बायपास झालेल्या १४६ मधुमेही रोग्यांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा पूर्वपदावर आली होती. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया केवळ वजनाची न राहता चयापचयाची शस्त्रक्रिया झाली. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाने २००७ साली दाखविले की, शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० स्थूल लोकांत मृत्यूचे प्रमाण तशाच इतर स्थूल लोकांपेक्षा कमी होते.

मग बायपास श्रेष्ठ की स्लीव्ह? फिनलंडमध्ये २४० रोग्यांवर ह्या दोहोंची प्रत्यक्ष तुलना झाली. पाच वर्षांनंतर, म्हणजे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, स्लीव्हने जादा वजनाचा ४९ टक्के भाग घटला, बायपासने ५७ टक्के. फरक आहे, पण फार मोठा नाही. दहा वर्षांनी मात्र अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के रोग्यांत दिसला, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत. म्हणून ज्यास आधीच छातीत जळजळ व आंबट ढेकरा येतात, त्याने स्लीव्हविषयी दहादा विचार करावा. बायपासचीही किंमत आहेच. गोड पदार्थ खाल्ल्याबरोबर घाम, धडधड व घेरी येते. जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. धूम्रपान आणि सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या ह्यांनी त्याचा धोका वाढतो. लोह, कॅल्शियम व ब-१२ ह्यांची उणीव अधिक होते. १९९७ मध्ये रटलेज ह्यांनी काढलेला ‘मिनी बायपास’ एकाच जोडाचा असल्याने भारतात बराच रुळला. त्यात पित्त उलटण्याची व पोषण घटण्याची शंका धरावी लागते.

कोणास शस्त्रक्रिया करावी, ह्याचे निकषही बदलत गेले. १९९१ साली अमेरिकेत देहभार-निर्देशांक ४०, अथवा जोडविकार असल्यास ३५, ही मर्यादा ठरली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी ती खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास संमती दिली. परंतु भारतीय विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतील अट जुन्या ४० व ३५ ह्याच आकड्यांवर आहे. वैद्यक हो म्हणते आणि विमा नाही म्हणतो, अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते. हे आधीच विचारून घेतलेले बरे. शिवाय २०२५ पासून भारतात वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. ती थांबविल्यावर वजन बहुधा परतते.

सीमाभागातील माणसास ह्या तराजूत आणखी काही वजने घालावी लागतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशात आणि उरलेला म्हैसूर राज्यात. रोग्याची वाट मात्र राज्यांच्या सीमा पाळीत नाही. कलबुर्गीत १९६३ पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१७ पासून बीदर व कलबुर्गी रेल्वेने जोडले गेले आहेत. तरीही कोणी सोलापूर गाठतो, कोणी हैदराबाद, कोणी पुणे. शस्त्रक्रियेचा दिवस एकच असतो, परंतु तपासण्यांचे खेटे जन्मभराचे. ज्यास दरवर्षी तीनशे कोसांची रपेट जमणार नाही, त्याने ज्या पद्धतीत देखरेख कमी लागते, तिच्याकडे झुकणे शहाणपणाचे.

आहाराचाही विचार हवा. ह्या भागातील अनेक घरे, विशेषतः लिंगायत कुटुंबे, शाकाहारी आहेत. ब-१२ ची उणीव त्यांस लवकर गाठते. लहान झालेल्या जठरात ज्वारीची अर्धी भाकरीही मावत नाही, तेव्हा पहिला घास प्रथिनांचा असावा लागतो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूर येथे कामी येते. घट्ट वरण, ताक, मोड आलेली कडधान्ये ही आधी, भाकरी नंतर. आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ रोग्यास त्याच्या भाषेत, मराठी असो, कानडी असो वा दखनी, समजावून घेण्याचा हक्क आहे. घाईने केलेली सही पुढे कापलेले जठर परत आणीत नाही.

तेव्हा निवडीचे प्रश्न चार: जळजळ आहे काय, मधुमेह किती जुना, गोळ्या व तपासण्या जन्मभर निभतील काय, आणि शस्त्रवैद्याच्या हाताखालील रोग्यांची दहा वर्षांनंतरची स्थिती काय? सत्तर वर्षांत प्रत्येक नवी पद्धत पहिल्या वर्षी सुंदर दिसली. तिचे खरे रूप दहाव्या वर्षी कळले. ‘नवीन’ ह्या शब्दास भुलण्यापेक्षा ‘दहा वर्षांनी काय झाले’ हे विचारणारा रोगीच ह्या इतिहासाचा खरा लाभ घेईल.