दहा हजार मोती आणि हातसुताची जाळी

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत राजकन्या एलिझाबेथचा विवाह झाला. त्या प्रसंगीचा हस्तिदंती रंगाचा सॅटिनचा पोशाख नॉर्मन हार्टनेल या शिंप्याने रचला होता. बाह्या लांब आणि अंगाबरोबर बसणाऱ्या, कंबर समोर टोकदार उतरलेली, आणि गळा हृदयाच्या आकाराचा. त्या गळ्याच्या कडेने बारीक मोती आणि स्फटिक यांचे भरतकाम होते. पाठीमागे लोळणारा लांब पदर मंदिरात जमलेल्या निमंत्रितांसाठी असतो. वृत्तपत्रांच्या छायाचित्रांतून घराघरांत पोचतो तो वधूचा चेहरा आणि त्याखालची ही कडा. म्हणून शिंप्याची खरी परीक्षा गळ्याशीच होते.

मराठी वाचकाला या गोष्टीचे थोडे नवल वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे वधूची अष्टपुत्री साध्या सुताची असली तरी चालते. गळ्याची शोभा ठुशी, तन्मणी, चिंचपेटी यांच्याकडे सोपवलेली असते. दागिना आणि वस्त्र यांचे संसार निराळे. दागिना उतरवता येतो, सुनेला देता येतो, अडीअडचणीला सावकाराकडे ठेवताही येतो. (ही शेवटची सोय आपल्या कुटुंबव्यवस्थेत किती मोलाची ठरली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) युरोपीय शिवणकलेने मोती कापडातच टाचला आणि तो त्या एका दिवसाशी जखडून टाकला. असा खर्च करायचा तर लोकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते, आणि १९४७ च्या इंग्लंडात ते सोपे नव्हते.

युद्ध जिंकलेल्या त्या देशात कपड्यांची नियंत्रित वाटणी जून १९४१ पासून चालू होती. ती मार्च १९४९ पर्यंत उठली नाही. ज्या पावावर युद्धकाळातही नियंत्रण नव्हते, त्यावर १९४६ साली ते आले होते. राजकन्येलाही कुपने मोजूनच कापड घ्यावे लागले. सरकारने तिला २०० कुपने जादा दिली. देशभरातील अनेक स्त्रियांनी आपली कुपने तिला पाठवली. एकाची कुपने दुसऱ्याने वापरणे बेकायदा असल्यामुळे ती परत करावी लागली. या परत गेलेल्या कुपनांविषयी चरित्रकार एखाद्या वाक्यापलीकडे लिहीत नाहीत. मला मात्र साऱ्या समारंभातील ही सर्वांत बोलकी घटना वाटते.

आराखड्याला मान्यता मिळाली ती ऑगस्ट १९४७ च्या मध्यास, म्हणजे आपल्याकडे सत्तांतर होत होते त्याच सुमारास. हाती तीन महिने होते. प्रत्येक धाग्याचे कुलशील तपासले जाऊ लागले. रेशमाचे किडे कोणत्या देशाचे? इटलीचे किंवा जपानचे असतील तर ती कालपरवाची शत्रुराष्ट्रे! ते राष्ट्रवादी चीनचे आहेत, असा खुलासा झाला तेव्हा वाद शमला. मोती अमेरिकेतून आले, सुमारे दहा हजार. ते आणणाऱ्या व्यवस्थापकाने जकातनाक्यावर, ते कोणाच्या पोशाखासाठी आहेत, हे सरळ सांगून टाकले. ब्रूटन स्ट्रीटवरील कार्यशाळेच्या खिडक्या, कोणी डोकावू नये म्हणून, चुन्याने रंगवून वर मलमल लावली. (याच रस्त्यावर १९२६ साली राजकन्येचा जन्म झाला होता.) सुमारे साडेतीनशे स्त्रियांनी सात आठवडे काम केले. शिंप्याचे नाव इतिहासात राहिले; गळ्याच्या त्या कडेवर डोळे शिणवणाऱ्या बोटांची नावे वाचकांपर्यंत क्वचितच पोचली.

नक्षीची प्रेरणा हार्टनेलने घेतली ती मात्र बोतिचेल्लीपासून. त्याच्या 'प्रिमावेरा'तील फुलांनी वेढलेल्या वसंताचे स्मरण देणारी जाई, संत्र्याची फुले, यॉर्कचे पांढरे गुलाब आणि गव्हाच्या लोंब्या पोशाखभर विखुरल्या. दीर्घ हिवाळ्यानंतर येणाऱ्या ऋतूचा हा संकेत समयोचित होता, यात शंका नाही. पण बोतिचेल्ली फ्लॉरेन्सचा. इटलीच्या किड्याला जो दरवाजा बंद होता, त्यातून इटलीचा चित्रकार खुशाल आत आला आणि त्याला कोणी हटकले नाही. कलेला राष्ट्र नसते असे आपण म्हणतो. रेशमालाही ते नसावे, असे मात्र त्या वर्षी कोणाच्या मनात आले नाही.

विवाहाच्या दिवशी सकाळी एक घोटाळा उघडकीस आला. भरतकामाच्या गळ्यावर घालायचे मोत्यांचे दोन सर सेंट जेम्स राजवाड्यात विवाहाच्या भेटींबरोबर प्रदर्शनात मांडलेले होते आणि तिथेच राहिले होते. खासगी सचिव जॉन कोल्व्हिल ते आणायला धावले. सुमारे अडीच हजार भेटींच्या त्या गर्दीत दिल्लीहून आलेली एक वस्तूही होती. वराचे मामा आणि भारताचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांच्या सूचनेवरून गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची ती जाळी. विणली होती एका पंजाबी मुलीने. मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे होती. आपल्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणणाऱ्या माणसाची ही भेट. ती दिली गेली तेव्हा पंजाबातील निर्वासितांनी दिल्ली भरलेली होती.

वधूची आजी राणी मेरी यांना ते लंगोटीचे कापड वाटले आणि भेट अशोभनीय ठरली. याच राणीने नोव्हेंबर १९३१ मध्ये पती पंचम जॉर्ज यांच्यासमवेत बकिंगहॅम राजवाड्यात आखूड पंचातील गांधीजींचे स्वागत केले होते. कदाचित त्या दर्शनाचीच सावली या जाळीवर पडली असावी. गांधीजी थोर पुरुष आहेत, असे म्हणून फिलिप यांनी त्यांची बाजू घेतल्याची आठवण राणीच्या सखी लेडी एअर्ली यांनी नोंदवून ठेवली आहे. राणी मेरी काही न बोलता पुढे गेल्या.

विवाहानंतर तो पोशाख ब्रिटनच्या शहराशहरांतून प्रदर्शनासाठी फिरला आणि त्याचा गळा पाहायला लोकांनी रांगा लावल्या. जाळी कुठे फिरली नाही. पुढे दोन्ही वस्तू राजघराण्याच्या एकाच संग्रहात जपल्या गेल्या.